‘दोन मुलांची आई ना तुम्ही? मग एवढं काय दुखतं?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकहून लिहिणाऱ्या या वाचक ४३ वर्षांच्या आहेत. दोन मुलं, दोन्ही वेळा सिझेरियन. दोन वर्षांपूर्वी एका मोफत तपासणी शिबिरात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तिथल्या पेशींची तपासणी) करून घेतली. टेबलावर पाय वर घेतल्यापासूनच अंग आखडलं, यंत्र आत घालताना असह्य दुखलं. त्या कळवळल्या तेव्हा तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, “दोन मुलांची आई ना तुम्ही? मग एवढं काय दुखतं?” रिपोर्टवर ‘नमुना अपुरा, तपासणी पुन्हा करावी’ असा शेरा आला. त्या पुन्हा गेल्या नाहीत. आता नात्यातल्या एका बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाल्यावर घरचे मागे लागले आहेत. त्यांचे प्रश्न असे: “मीच जास्त नाजूक आहे का? मला काही त्रास नाही, सोनोग्राफी नॉर्मल आहे, तरी करायलाच हवी का? माझी बहीण मेलबर्नला असते, तिने म्हणे स्वतःच काडीने नमुना घेऊन दिला. तसं आपल्याकडे होत नाही का?” शेवटी चौदा वर्षांच्या मुलीच्या लसीबद्दलही एका ओळीत विचारलं आहे.

प्रिय ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नात एक समजूत दडलेली आहे. बाकीच्या बायका ही तपासणी सहज करून घेतात, तुम्हाला दुखलं म्हणजे कमी तुमच्यातच आहे, अशी. ही समजूत तुम्ही घरून घेऊन गेला नव्हता, ती त्या टेबलावर तुमच्या गळ्यात घातली गेली. आणि बाळंतपणाचा जो दाखला तुम्हाला दिला, तो तर तुमच्या बाबतीत साफ चुकीचा होता. सिझेरियनमध्ये बाळ पोटातून बाहेर येतं. नॉर्मल डिलिव्हरीत योनीमार्ग जसा ताणला जातो, तसा तुमचा कधी ताणलाच गेलेला नाही. अशा बाईची तपासणी करताना पुष्कळदा लहान किंवा अरुंद मापाचा स्पेक्युलम (आतून बघण्याचं ते यंत्र) घ्यावा लागतो. तपासणीआधी “डिलिव्हरी नॉर्मल की सिझेरियन?” एवढं विचारलं असतं तरी दिवस वेगळा गेला असता.

बरं, नॉर्मल डिलिव्हरी झालेल्या बाईलाही दुखू शकतं. टाक्यांचा व्रण असतो, अंगावर पाजत असताना कोरडेपणा असतो, पाळी जायच्या आसपास आतली त्वचा पातळ होते. मुलं किती झाली यावरून कुणाला किती दुखेल हे ठरवता येत नाही.

नेमकं दुखतं कुठे आणि का, हे कळलं की पुढच्या वेळी काय मागायचं हेही कळतं, म्हणून जरा तपशिलात सांगते. स्पेक्युलम हे बदकाच्या चोचीसारखं दोन पात्यांचं साधन. ते मिटलेलं आत सरकवतात, आत गेल्यावर पाती उघडतात आणि स्क्रूने तेवढ्यावर थांबवतात, म्हणजे पिशवीचं तोंड, अर्थात गर्भाशयमुख, दिसतं. योनीमार्गाचा बाहेरचा, दाराजवळचा भाग सगळ्यात संवेदनशील असतो. स्पेक्युलम सरळ किंवा वरच्या बाजूला रेटला तर तो लघवीच्या जागेवर आणि पुढच्या हाडावर दाबतो, आणि तिथे कळ येते. त्याची दिशा खाली, माकडहाडाकडे हवी. दुसरी जागा म्हणजे पात्यांची रुंदी: माप मोठं असेल किंवा पाती गरजेपेक्षा जास्त उघडली तर ताण बसतो. तिसरी वेळ बाहेर काढतानाची. पाती पिशवीच्या तोंडावरून मागे यायच्या आधीच मिटली तर आतली त्वचा चिमटली जाते. आधी स्क्रू सैल करायचा, पाती थोडी उघडी ठेवूनच मागे घ्यायची आणि मग मिटायची, हा क्रम घाईत चुकतो.

प्रत्यक्ष नमुना घेणं हा त्या मानाने लहान भाग. लाकडी किंवा प्लास्टिकची चपटी काडी पिशवीच्या तोंडावर टेकवून एक पूर्ण वळसा फिरवतात, किंवा मऊ ब्रश फिरवतात. तेव्हा ओटीपोटात पाळीच्या वेळी येते तशी एखादी कळ येते, खरवडल्यासारखं वाटतं, आणि काही सेकंदांत जातं. सगळं नीट झालं तर स्पेक्युलम आत असण्याचा वेळ एक-दोन मिनिटांचा.

या सगळ्यात स्नायूंचा मोठा वाटा आहे. भीती वाटली की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळतात. डोळ्यांपुढे बोट आलं की पापणी मिटते, तितकं ते आपल्या हाताबाहेरचं असतं. आवळलेल्या स्नायूंमधून साधन रेटलं की जास्त दुखतं, जास्त दुखलं की स्नायू आणखी आवळतात. म्हणून “अंग सैल सोडा, सैल सोडा” असं ओरडून काही होत नाही. साधन थांबवावं लागतं, श्वास परत लागू द्यावा लागतो.

आता तुमच्या रिपोर्टकडे पाहा. नमुना अपुरा येण्याची कारणं बरीच असतात: पेशी कमी येणं, रक्त किंवा पू मिसळणं, स्लाइड वेळेवर अल्कोहोलमध्ये न बुडवल्याने पेशी वाळून जाणं. पण ज्या तपासणीत बाई कळवळते आहे, पिशवीचं तोंड पुरतं दिसलेलं नाही आणि काडी कशीबशी टेकवून काढून घेतली आहे, तिथे अपुरा नमुना येण्याची शक्यता वाढतेच. तुमचं दुखणं आणि तो शेरा या बहुधा एकाच तपासणीच्या दोन बाजू आहेत. बाईला त्रास होऊ न देणं हा तपासणीवरचा साजशृंगार नाही, त्यावर नमुन्याचा दर्जाही अवलंबून असतो. आणि ‘अपुरा’ याचा अर्थ ‘काहीतरी निघालंय’ असा नाही, तसाच तो ‘नॉर्मल’ असाही नाही. तुमच्या पिशवीच्या तोंडाबद्दल आज कुणालाच काही माहीत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, करायला हवी. तुम्हाला त्रास नाही म्हणूनच ही तपासणी तुमच्यासाठी आहे. या कर्करोगाच्या जवळपास सगळ्या रुग्णांमध्ये मूळ कारण एचपीव्ही हा विषाणू असतो, आणि त्याचे १६ व १८ हे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत असतात. संसर्ग बहुतेकींना आयुष्यात कधीतरी होतो आणि बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो मुक्काम ठोकून राहतो, त्यांच्या पेशी हळूहळू बदलतात, आणि तिथून कर्करोगापर्यंत जायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. (एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांमध्ये हा काळ बराच कमी असतो, म्हणून त्यांनी तपासणी २५ व्या वर्षापासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी करावी.) या मधल्या लांबलचक काळात ना दुखतं, ना रक्त जातं. पकडायचं असतं ते याच काळात, कारण तेव्हा दवाखान्यात दिवसाभरात उपचार होऊ शकतात.

सोनोग्राफीत हे दिसत नाही. सोनोग्राफी गाठी दाखवते, पिशवीचा आकार दाखवते. पिशवीच्या तोंडावरच्या पेशींमधला बदल तिच्या आवाक्याबाहेर आहे. रक्ताच्या तपासण्यांच्या मोठ्या पॅकेजमधूनही हे कळत नाही. पुष्कळ सुशिक्षित बायका दरवर्षी ‘फुल बॉडी चेकअप’ करून निर्धास्त राहतात आणि ही एक तपासणी त्यात झालेलीच नसते.

आपल्याकडे परिस्थिती किती बिकट आहे ते एका आकड्यात दिसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या स्त्रिया देशभरात दोन टक्क्यांहूनही कमी होत्या. ज्या थोड्या जणी धीर करून येतात, त्यांतली एक टोमणा ऐकून कायमची परत गेली, आणि मग तिने शेजारणीला, जावेला, बहिणीला काय सांगितलं असेल? “सहन करा, दोन मिनिटांचं तर आहे” हे वाक्य म्हणूनच मला वाईट वैद्यकी वाटतं.

महाराष्ट्रानेच या विषयात जगाला मोठा पुरावा दिला आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने सव्वा लाखाहून जास्त ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. एकदाच झालेल्या पॅपने किंवा व्हिनेगरच्या (पिशवीच्या तोंडाला ॲसेटिक ॲसिड लावून बघण्याच्या) तपासणीने त्या अभ्यासात तेवढा फरक दिसला नाही. मुंबईत टाटा मेमोरियलने वस्त्यांमधल्या दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात मात्र दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे साधी तपासणीसुद्धा जीव वाचवते, पण ती पुन्हापुन्हा व्हावी लागते. एचपीव्ही तपासणी कमी वेळा करून पुरते. ज्या बाईला टेबलावर जाणंच जड जातं, तिच्यासाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे.

मेलबर्नच्या बहिणीने केली ती हीच एचपीव्ही तपासणी. ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या अखेरीस पॅप सोडून एचपीव्ही तपासणी स्वीकारली, आणि जुलै २०२२ पासून २५ ते ७४ वयाच्या सगळ्या स्त्रियांना स्वतः नमुना घेण्याची मुभा दिली. यात स्पेक्युलम लागत नाही. मऊ टोकाची काडी योनीमार्गात साधारण पाच सेंटीमीटर, म्हणजे दोन इंच आत घालायची, दहा ते तीस सेकंद हळूहळू गोल फिरवायची, आणि दिलेल्या नळीत ठेवायची. पिशवीच्या तोंडापर्यंत पोहोचायचीही गरज नसते, कारण विषाणूचे अंश योनीमार्गातही सापडतात. पीसीआर पद्धतीच्या (विषाणूचा डीएनए अनेक पटींनी वाढवून ओळखणाऱ्या) तपासणीत असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनाही या पद्धतीची शिफारस करते.

आपल्याकडे एचपीव्ही डीएनए तपासणी मोठ्या शहरांतल्या खाजगी लॅब आणि रुग्णालयांत होते, पॅपपेक्षा महाग पडते. स्वतः घेतलेला नमुना सगळीकडे स्वीकारत नाहीत. लॅबला फोन करून तीन गोष्टी विचारा: तपासणी पीसीआरवर आधारलेली आहे का, स्वतः घेतलेला नमुना चालतो का, आणि त्यासाठीची काडी व नळी तुम्ही देता का? घरातली कानाची काडी कुपीत घालून नेली तर काही उपयोग नाही. बाहेर कुठे मिळालं नाही, तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा की लॅबकडून किट मागवून त्यांच्याच दवाखान्यात पडद्यामागे तुम्हाला नमुना घेऊ देतील का. विचारायला संकोच वाटण्यासारखं यात काही नाही.

या पद्धतीची मर्यादाही आधीच जाणून घ्या, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही. काडीच्या नमुन्यावर पॅप करता येत नाही, कारण पॅपला पिशवीच्या तोंडावरच्याच पेशी लागतात. एचपीव्ही नसेल तर पाच वर्षं निश्चिंत. असेल, तर पुढची तपासणी डॉक्टरांकडे आणि स्पेक्युलम लावूनच होते. तुमच्यासारखीच्या बाबतीत मला याचाच फायदा दिसतो. बहुतेकींना एचपीव्ही निघत नाही, म्हणजे बहुतेकींची टेबलावरची फेरी वाचते. जिची वाचत नाही, तिला निदान आपण तिथे का चाललो आहोत हे माहीत असतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा दिसणं, घाण वास येणारं पाणी जाणं, यांतलं काही असेल तर काडीची वाट न बघता थेट तपासून घ्यावं लागतं. तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यांनी बघणं गरजेचं असतं. आणि व्हिनेगरच्या तपासणीने दुखणं टळेल असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. सरकारी आरोग्य केंद्रात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी ती ठेवलेली आहे आणि ती उपयोगी आहे, पण स्पेक्युलम तिथेही लागतो. पिशवीच्या तोंडाला तीन ते पाच टक्के ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात, बदललेला भाग पांढरा दिसतो, थोडं चुरचुरतं. पाळी गेल्यावर पिशवीच्या तोंडावरची, जिथे हे बदल होतात ती कड आत सरकते, म्हणून वय वाढल्यावर ही तपासणी तितकी भरवशाची राहत नाही.

समजा स्वतः नमुना घेणं जमलं नाही आणि पुन्हा टेबलावर जायचं ठरलं. शिबिरात जाऊ नका. शिबिरं वाईट असतात म्हणून नव्हे. तुम्हाला लागणारा वेळ तिथे मिळणं कठीण, म्हणून. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की मागच्या वेळी फार दुखलं होतं, जरा मोकळा वेळ द्या. पाळी सुरू झाल्याच्या दहाव्या ते विसाव्या दिवसांतली तारीख घ्या. आधीचे दोन दिवस संबंध नकोत, योनीमार्गात गोळ्या-मलम नकोत, आतून धुणं तर नकोच (ते एरवीही करू नये). खाज येत असेल, दह्यासारखं पांढरं जात असेल, तर आधी त्याचा इलाज करून घ्या. सुजलेल्या जागी तपासणी केली तर दुखणारच. टेबलावर जाण्यापूर्वी लघवीला जाऊन या, भरलेल्या मूत्राशयावर दाब येतो. साडी, गाऊन किंवा घेरदार कुर्ता असेल तर तो वर घेऊन झाकून घेता येतं. सलवार-जीन्समध्ये कंबरेखाली एकदम उघडं पडल्यासारखं होतं.

वेदनाशामक गोळीबद्दल विचारतात बऱ्याच जणी. तासभर आधी घेतलेली गोळी नंतरच्या कळेला थोडी मदत करू शकते, पण दाराशी होणारा ताण किंवा चिमटा ती थांबवत नाही. पित्त, दमा, किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

खोलीत गेल्यावर, कपडे काढण्याआधी, खुर्चीत बसूनच बोला. आडवं झाल्यावर आवाज फुटत नाही. एवढं पुरे: “डॉक्टर, दोन्ही सिझेरियन आहेत. मागच्या वेळी आतून तपासताना मला खूप दुखलं होतं आणि नमुनाही अपुरा आला. लहान मापाचा स्पेक्युलम घ्याल का? आणि मी ‘थांबा’ म्हटलं की थांबाल का?” या शेवटच्या प्रश्नावर जे उत्तर येईल, त्यावरून पुढे जायचं की पर्स उचलून बाहेर पडायचं हे ठरवा. कधी जबरदस्ती झालेली असेल, तर ती हकिगत सांगण्याची कुणालाही सक्ती नाही. “आतून तपासणी मला अवघड जाते” हे वाक्य पुरतं. अविवाहित बायकांना “लग्न झालंय का?” असं विचारून उत्तर ‘नाही’ आलं की तपासणीच नाकारली जाते. त्यांनी संबंध आलेले आहेत आणि तपासणी हवी आहे असं स्पष्ट सांगावं, ते ऐकून घेणं डॉक्टरांचं काम आहे.

मागता येण्यासारख्या बाकी गोष्टी साध्या आहेत. धातूचा स्पेक्युलम कोमट पाण्यात धरून घेता येतो. पाण्यात विरघळणाऱ्या जेलचा पातळ थर पात्यांना बाहेरून लावता येतो. जेलने नमुना बिघडतो म्हणून काही ठिकाणी कोरडाच घालतात. जेल टोकाला न लावता थोडंच वापरलं तर अडचण येत नाही. काही जेलमधल्या दाट करणाऱ्या द्रव्यांमुळे द्रवात घेतलेल्या नमुन्यांत अडथळा येऊ शकतो, तेव्हा कोणतं जेल चालतं ते डॉक्टर लॅबला विचारू शकतात. स्पेक्युलमचं टोक तुम्ही स्वतः आत सरकवून द्यायचं आणि पुढचं डॉक्टरांनी करायचं, हेही चालतं. पुष्कळ बायकांना तेवढ्यानेच दडपण उतरतं.

झोपण्याची पद्धतही बदलता येते. पाय रिकिबीत अडकवायलाच हवेत असं नाही. गुडघे वाकवून, तळवे टेबलावर टेकवून, गुडघे दोन्ही बाजूंना सोडले तरी तपासणी होते. डाव्या कुशीवर झोपूनही करता येते. काहींची पिशवी मागे झुकलेली असते, तेव्हा तिचं तोंड पुढे-वर वळतं आणि सापडत नाही, मग शोधाशोध होते आणि तीच सगळ्यात जास्त दुखते. अशा वेळी दोन्ही हातांच्या मुठी वळून कमरेखाली घातल्या किंवा छोटी उशी सरकवली तर तोंड समोर येतं. तुमच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘रेट्रोव्हर्टेड’ असा शब्द आहे का बघा, असेल तर आधीच सांगा. तो दोष नाही, फक्त शोधण्याची दिशा बदलते.

आत घालताना श्वास रोखू नका. तोंडाने लांब सोडत राहा, पायाची बोटं हलवा. जबडा आवळला की खालचे स्नायूही आवळतात, म्हणून दात सैल ठेवा. चक्कर आल्यासारखं, घाम फुटल्यासारखं झालं तर लगेच सांगा आणि उठायची घाई करू नका. तपासणारे पुरुष डॉक्टर असतील तर खोलीत एक स्त्री हजर असणं हा तुमचा हक्क आहे. केंद्राच्या रुग्णहक्क सनदेत तो लिहिलेला आहे, आणि २०२१ च्या नियमांनुसार महाराष्ट्रातल्या खाजगी रुग्णालयांनी सनद दर्शनी भागात लावायची आहे. सोबतीला बहीण, मैत्रीण, नवरा, जे तुम्हाला हवं ते आत येऊ शकतं. पण पडदा न लावता तीन-चार विद्यार्थी उभे करणं तुम्ही नाकारू शकता.

हे सगळं करूनही दुखलंच, तर तिथे थांबा आणि कारण शोधायला सांगा. स्नायू इतके आवळत असतील की बोटही जात नाही, तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी असते. संबंधाच्या वेळी आणि पाळीतही खोल दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिसचा (पिशवीच्या अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढण्याचा) विचार करावा लागतो. पाळी गेलेल्या बायकांत कोरडेपणा हे मोठं कारण. त्यांना डॉक्टर काही आठवडे आधी इस्ट्रोजेनचं मलम आतून लावायला देतात आणि तपासणीच्या थोडे दिवस आधी ते बंद करायला सांगतात, त्याने खूप फरक पडतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मलमाआधी ते सांगायलाच हवं. तुमच्या ४३ व्या वर्षी पाळी मागेपुढे व्हायला लागली असेल, तर कोरडेपणाबद्दल तुम्हीही विचारा.

तपासणीनंतर दिवस-दोन दिवस डाग दिसणं चालतं, एक पॅड ठेवा. पॅड भिजेल इतकं रक्त, ताप किंवा घाण वास असेल तर परत जा.

रिपोर्ट आल्यावरची एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ किंवा ‘पेशींमध्ये किरकोळ बदल’ म्हणजे कर्करोग नव्हे. पुढची पायरी कॉल्पोस्कोपी: भिंगातून पिशवीचं तोंड बघायचं, गरज वाटली तर लहानसा तुकडा काढायचा. त्यात बदल ठरला तर तेवढाच भाग गोठवून, तापवून किंवा तारेने काढून टाकतात. पिशवी जागेवर राहते. “पॉझिटिव्ह आहे, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल” असं कुणी म्हटलं तर त्या दिवशी कागदावर सही करू नका, दुसरं मत घ्या. पांढरं जाणं, पिशवीच्या तोंडाला सूज, एवढ्यावरून तर नाहीच. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या किती बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, त्याची चौकशी २०१९ मध्ये राज्य सरकारला करावी लागली. ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे, त्यांनी डिस्चार्ज कार्ड बघावं. तोंडासकट काढली असेल आणि कारण कर्करोगाशी संबंधित नसेल, तर ही तपासणी लागत नाही. तोंड ठेवलं असेल तर लागते.

पॉझिटिव्ह आल्यावर घरात संशय शिरतो, तोही आधीच बाहेर ठेवा. हा विषाणू वर्षानुवर्षं शरीरात गुपचूप राहू शकतो. तो आत्ता सापडला म्हणजे आत्ता आला, किंवा नवऱ्याचं बाहेर काही आहे, असं त्यावरून ठरत नाही.

मुलीला लस जरूर द्या. चौदाव्या वर्षी, म्हणजे पंधरा पूर्ण होण्याआधी सुरू केली तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात, त्यानंतर नेहमीच्या वेळापत्रकात तीन लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या वयासाठी एका डोसचा पर्यायही मान्य केला आहे. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली सर्व्हाव्हॅक ही लस उपलब्ध आहे, तिच्यात १६ आणि १८ हे दोन्ही प्रकार आहेत. शाळेत किंवा आरोग्य केंद्रात मोफत देत आहेत का, ते आशाताईंना विचारा. लस घेतली तरी तिला तिशीत तपासणी करावीच लागेल, कारण लस सगळ्या प्रकारांना अडवत नाही.

तुमच्यासाठी माझा क्रम असा: या आठवड्यात दोन-तीन लॅबना फोन करून स्वतः घेतलेल्या नमुन्याची चौकशी करा. मिळालं तर पुढच्या पाळीनंतर तेच करा. नाही मिळालं तर त्याच काळातली स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या, एकदा जायचंच तर पॅपऐवजी किंवा पॅपच्या जोडीने एचपीव्ही तपासणी मागा, आणि दोन वर्षांपूर्वीचा तो ‘अपुरा’ शेऱ्याचा कागद, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि दोन्ही सिझेरियनची कार्डं एका पिशवीत घालून सोबत न्या.